महामारीच्या चौकशीसाठी लोकांचं म्हणणं कसं गोळा करावं: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

सरकारनं महामारी कशी हाताळली याची चौकशी बसते, तेव्हा तिच्यापुढे कागदांची कमतरता नसते. बैठकांची इतिवृत्तं, आदेश, परिपत्रकं, खरेदीच्या फायली, खाटांचे रोजचे तक्ते, सगळं मागवता येतं. त्या कागदांत सापडत नाही ते एकच: आदेश निघाल्यावर माणसांच्या दारात काय घडलं. परिपत्रकात लिहिलेलं असतं, ‘रुग्णाच्या नातेवाइकांना दररोज माहिती देण्यात यावी’. ती दिली गेली का, कोणी दिली, समजेल अशा भाषेत दिली का, फोन लागला नाही तेव्हा नातेवाइकांनी काय केलं, हे फक्त नातेवाईकच सांगू शकतात. त्यामुळे लोकांचं म्हणणं हा चौकशीतला पुरावा आहे, आणि पुरावा गोळा करताना जी काळजी घ्यायची ती सगळी इथेही घ्यावी लागते.

आयोगाच्या कार्यालयात, संशोधनाच्या चमूत किंवा एखाद्या संघटनेत हे काम तुमच्याकडे पहिल्यांदाच आलं असेल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी काम सुरू होतं ते फॉर्म बनवण्यापासून, आणि फॉर्म हे खरं तर चौथं काम आहे.

पहिली पायरी: चौकशीची कार्यकक्षा आणि तुमचे अधिकार समजून घ्या

चौकशी कायद्याखाली नेमलेली आहे की सरकारनं साध्या निर्णयानं समिती बसवली आहे, हे आधी पाहा. कायद्याखालच्या आयोगाला साक्षीदार बोलावता येतात, कागद हजर करायला लावता येतात, शपथेवर साक्ष घेता येते. ब्रिटनची कोविड चौकशी २००५च्या चौकशी कायद्याखाली, निवृत्त न्यायाधीश हेदर हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली बसली. ऑस्ट्रेलियात २०२३ साली नेमलेल्या तिघांच्या समितीला मात्र कोणालाही साक्षीसाठी भाग पाडण्याचे अधिकार नव्हते. लोकांना आपण काय आश्वासन देऊ शकतो ते या फरकावर ठरतं.

दुसरं, शपथेवरची साक्ष आणि लोकांनी सांगितलेला अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीत उलटतपासणी असते, समोरच्या पक्षाला उत्तर द्यायची संधी असते. अनुभव सांगणाऱ्याला त्या पिंजऱ्यात उभं करायचं नसतं. तो मोकळेपणानं बोलतो, तुम्ही नोंदवता, आणि अशा हजारो नोंदी एकत्र वाचून काय दिसतं ते आयोगापुढे जातं. आपलं निवेदन वाचून एखाद्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल अशी समजूत करून माणूस लिहायला बसला, तर पुढे त्याचा विश्वासघात झाल्यासारखं होतं. म्हणून अगदी पहिल्या दिवशी एका पानावर लिहून काढा: सांगितलेल्याचं आम्ही काय करणार, काय करणार नाही, आणि सांगणाऱ्याला पुन्हा कधी कळवणार. त्यावर आयोगाच्या अध्यक्षांची संमती घ्या. पुढचा प्रत्येक फॉर्म, जाहिरात आणि फोनवरचं बोलणं याच पानावरून निघालं पाहिजे.

कार्यकक्षा, म्हणजे चौकशी कोणते विषय पाहणार याची हद्द, अजून मसुद्याच्या अवस्थेत असेल तर लोकांना तिच्याबद्दलच विचारा. ब्रिटनमध्ये मार्च-एप्रिल २०२२ मध्ये कार्यकक्षेच्या मसुद्यावर मतं मागवली, तेव्हा २० हजारांहून जास्त प्रतिसाद आले आणि दिवंगतांच्या कुटुंबीयांशी वेगवेगळ्या शहरांत बैठका झाल्या. लहान मुलं आणि तरुण, तसंच मानसिक आरोग्य यांचा स्पष्ट उल्लेख हवा, ही मागणी त्यातून पुढे आली आणि अंतिम कार्यकक्षेत हे विषय आले. एकदा कार्यकक्षा ठरली, की तिच्याबाहेरचं दुःख कितीही खरं असलं तरी ते अहवालात बसवणं अवघड होतं. या टप्प्यावर घालवलेला एक महिना पुढच्या एका वर्षाइतका मोलाचा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी: जे स्वतःहून बोलणार नाहीत त्यांची यादी करा

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. ‘आपलं म्हणणं कळवा’ अशी जाहिरात दिली की लोक येतात. पण कोण येतं? ज्यांच्याकडे वेळ आहे, लिहिता येतं, सरकारशी बोलायची भीती नाही आणि ज्यांचा अनुभव फार वाईट किंवा क्वचित फार चांगला आहे, असे. संघटना येतात, कारण निवेदन लिहिणं हे त्यांचं रोजचं काम असतं. महामारीचा सर्वांत मोठा फटका बसलेले अनेक जण या दोन्ही गटांत नसतात.

म्हणून भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि चमूतल्या सगळ्यांनी मिळून लिहा. वृद्धाश्रमात राहणारे. तुरुंगात असलेले. घरकाम करणारे. परक्या देशात कामाला गेलेले आणि कागदपत्रांच्या भीतीनं गप्प बसणारे. अपंग व्यक्ती, आणि त्यांची काळजी घेता घेता स्वतः मोडून गेलेले घरचे लोक. टाळेबंदीत मारहाण करणाऱ्या माणसाबरोबर एकाच घरात अडकलेल्या बायका. रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डातले सफाई कामगार, अंत्यसंस्कार करणारे कर्मचारी; यांतले कितीतरी कंत्राटावर असतात आणि बोललो तर कंत्राट जाईल ही त्यांची धास्ती खरी असते. एकट्यानं राहून वारलेले, ज्यांच्या मागे बोलायला कोणीच नाही. त्यांच्याबद्दल शेजारी किंवा आरोग्यसेविकाच सांगू शकतील.

दीर्घ कोविडचे, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही ज्यांचा त्रास महिनोन्महिने सुरूच राहतो असे, रुग्ण या यादीत आवर्जून घाला. सततचा थकवा आणि विसराळूपणा असलेल्या माणसाला वीस प्रश्नांचा फॉर्म एका बैठकीत भरता येत नाही. त्याला अर्धवट भरून जपून ठेवता येईल आणि चार दिवसांनी पुढे नेता येईल असा फॉर्म हवा, किंवा थोडा थोडा वेळ करून फोनवर बोलणारं माणूस हवं.

या यादीत आणखी एक गट असतो, आणि त्याला वगळायचा मोह होतो: ज्यांना निर्बंधच मान्य नव्हते, ज्यांनी लस घेतली नाही, किंवा लशीमुळे आपल्याला त्रास झाला असं जे सांगतात. त्यांचं म्हणणं तितक्याच आदरानं नोंदवा. वैद्यकीय दावा खरा की खोटा हे ठरवणं तुमच्या टेबलावरचं काम नाही, त्यासाठी आयोगाकडे तज्ज्ञ असतात. तुम्हाला नोंदवायचं आहे ते असं: या माणसाला माहिती कुठून मिळाली, शंका कोणाला विचारली, उत्तर मिळालं का, आणि त्यानंतर यंत्रणा त्याच्याशी कशी वागली. पुढच्या साथीत विश्वास कसा टिकवायचा याचं उत्तर शोधायचं असेल तर हीच माणसं मोठी माहितगार आहेत.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे लिहा: या लोकांचा आधीपासून कोणावर विश्वास आहे? संघटना, धर्मस्थळ, आरोग्यसेविका, कामगारांचा पुढारी, आश्रमाची परिचारिका. त्यांच्यामार्फत जा. मात्र मध्यस्थाला फुकट राबवू नका. त्याच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात धरा. आणि मध्यस्थच लोकांच्या वतीनं उत्तरं भरत नाही ना, यावर लक्ष ठेवा. आश्रमाच्या व्यवस्थापकासमोर आश्रमातली आजी आश्रमाविरुद्ध बोलेल, ही अपेक्षा धरता येत नाही.

तिसरी पायरी: बोलायच्या वाटा उघडा

ऑनलाइन फॉर्म, छापील फॉर्म आणि त्यासोबत पत्ता लिहिलेलं, टपाल हशील भरलेलं पाकीट, फोन, समोरासमोरच्या बैठका, आवाजाचं रेकॉर्डिंग, सांकेतिक भाषेतला व्हिडिओ. यांतल्या निदान तीन वाटा तरी पहिल्या दिवसापासून उघड्या हव्यात. आधी ऑनलाइन सुरू करू, बाकीचं नंतर बघू, असं ठरवलं की बाकीचं बहुधा होतच नाही. सोप्या भाषेतली, चित्रांसह मोठ्या अक्षरांची आवृत्ती बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी करायची, पण ती बाकीच्यांनाही आवडते असं दिसेल.

मुलांसाठी वेगळी सोय लागते. ब्रिटनच्या चौकशीतला अनुभव सांगण्याचा खुला उपक्रम १८ वर्षांवरच्यांसाठी होता. मुलांसाठी वेगळं संशोधन करून ९ ते २२ वयाच्या ६०० जणांशी प्रशिक्षित मुलाखतकार बोलले. महामारीत ही सगळी ५ ते १८ वर्षांची होती. मोठ्यांचाच फॉर्म थोडा रंगीत करून मुलांपुढे ठेवू नका. आईवडिलांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही घ्या.

मुदत किती ठेवायची? कार्यकक्षेवर मत मागायला चार आठवडे पुरतील, अनुभव सांगायला नाही. छोट्या मुदतीचा फायदा संघटनांना होतो. ब्रिटनचा तो उपक्रम जून २०२३ मध्ये जाहीरपणे सुरू झाला आणि मे २०२५ पर्यंत उघडा होता. तेवढा काळ तुम्हाला मिळणार नाही, पण माणूस गेलेल्या घरात बोलायची तयारी व्हायला वेळ लागतो, हे वरिष्ठांना पटवून द्या.

चौथी पायरी: प्रश्न लिहा, मग पुन्हा लिहा

पहिल्या खर्ड्यात हमखास असा प्रश्न असतो:

‘टाळेबंदीच्या कालावधीत शासनाने राबवलेल्या उपाययोजनांबाबत आपण कितपत समाधानी आहात?’

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक आकडा. कोणती उपाययोजना? कुठल्या आठवड्यातली? माणूस सुरुवातीला समाधानी आणि सहा महिन्यांनी हताश असू शकतो. शिवाय ‘राबवलेल्या’ म्हणताना त्या राबवल्या गेल्या हे आपण गृहीतच धरलं. भाषाही अशी, की उत्तर देणारा लगेच सावध होऊन सरकारी सुरात लिहायला लागतो. तोच प्रश्न असा विचारा:

‘त्या काळात तुम्हाला किंवा घरच्यांना दवाखाना, औषधं, धान्य, पैसे किंवा आणखी कसली मदत लागली का? लागली असेल तर कोणाकडे गेलात, आणि पुढे काय झालं?’

आता माणूस गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत दिवस येतो, जागा येते, कोण काय म्हणालं ते येतं, आणि यंत्रणा कुठे चालली, कुठे अडली ते आपोआप दिसतं. ‘पुढे काय झालं’ हे तीन शब्द कुठल्याही मुलाखतीत सर्वांत कामाचे आहेत.

त्यानंतर दोनच पुरवणी प्रश्न ठेवा. एक, ‘हे तुम्ही स्वतः पाहिलं, की कोणी सांगितलं?’ हा शंका घेतल्याच्या सुरात विचारायचा नाही. नोंद नीट व्हावी म्हणून विचारतोय, असं सांगा. दुसरा, ‘तेव्हा काय मिळालं असतं तर तुमची अडचण सुटली असती?’ लोकांना शिफारशी विचारल्या की ते वर्तमानपत्रात वाचलेलं सांगतात. हा प्रश्न विचारला की ते आपल्या दारातलं सांगतात: रात्री उचलला जाणारा एक फोन, दवाखान्यापर्यंत जायला गाडी, आईच्या भाषेत बोलणारं कोणीतरी.

आठवणीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ११ मार्चला या साथीला महामारी म्हटलं आणि ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं सांगितलं. या तारखा तुमच्या फायलीसाठी. लोकांना आठवतं ते वेगळं: शाळा बंद झाली तो दिवस, धाकटीचा वाढदिवस, लस मिळाली त्याच्या आधी की नंतर. फार पूर्वीची गोष्ट अलीकडची वाटणं आणि दोन लाटांतले प्रसंग एकमेकांत मिसळणं, हे अगदी प्रामाणिक माणसाचंही होतं. म्हणून मुलाखतकाराच्या हाती त्या भागाचा एक पानी कालपट द्या: निर्बंध कधी आले, कधी उठले, शाळा कधी उघडल्या, कुठल्या वयाला लस कधी मिळाली. ‘हे शाळा उघडण्याच्या आधीचं का?’ असं विचारलं की माणूस महिना बरोबर सांगतो. तारीख कळली नाही तर ती जागा मोकळी सोडा. अंदाजानं भरलेली तारीख पुढे कागदपत्रांशी जुळली नाही, की अख्ख्या नोंदीवर संशय येतो.

फॉर्म बाहेर पाठवायच्या आधी वरच्या यादीतल्या दहाबारा जणांकडून तो भरून घ्या आणि शेजारी बसून पाहा. माणूस जिथे थांबतो, ओठ हलवून दुसऱ्यांदा वाचतो, तो प्रश्न बदला.

पाचवी पायरी: ऐकणाऱ्यांना तयार करा

लोक इथे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस पुन्हा उघडून ठेवतात. शेवटचं दर्शन झालं नाही, व्हिडिओ कॉलवर निरोप घेतला, सही करून पिशवी ताब्यात घेतली. असं सांगणाऱ्याच्या समोर बसायचं तर तयारी लागते, नुसता चांगुलपणा पुरत नाही.

सुरुवातीलाच सांगा: नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, कधीही थांबता येईल, आत्ता बोललेलं नंतर मागे घ्यायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत घेता येईल. रडू आलं तर घाईनं पुढच्या प्रश्नाकडे पळू नका आणि ‘होईल सगळं ठीक’ असंही म्हणू नका. गप्प बसा. मग विचारा, ‘थांबूया का थोडं?’ निर्णय त्यांचा. मुलाखत सर्वांत जड प्रसंगावर संपवू नका. शेवटची दहा मिनिटं आज-आत्ताकडे परत यायला राखून ठेवा. घरी गेल्यावर कोण सोबत आहे ते विचारा. दोन दिवसांनी एक फोन करा.

बोलताना कोणी जीव द्यायची भाषा केली, किंवा एखाद्या मुलाला आजही धोका आहे असं कळलं, तर काय करायचं हे लेखी ठरलेलं असलं पाहिजे: कोणाला फोन, किती वेळात, गोपनीयता कुठे संपते. ही मर्यादा मुलाखतीच्या आधीच सांगायची असते. समुपदेशनाची हेल्पलाइन छापताना ती त्या भाषेत आणि त्या वेळेत खरोखर उचलली जाते का, हे स्वतः फोन करून तपासा.

ऐकणाऱ्यांचंही पाहा. एका दिवसात तीनपेक्षा जास्त मुलाखती एकाला देऊ नका. ध्वनिफिती ऐकून टंकलेखन करणारा माणूस तेच दुःख कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत असतो आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही. त्याला आठवड्याच्या आढाव्याला बोलवा.

सहावी पायरी: संमती आणि गोपनीयता

संमती म्हणजे फॉर्मच्या तळाशी केलेली खूण एवढंच धरू नका. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: हे आयोगानं वाचलं तर चालेल का, नाव न देता यातलं वाक्य छापलं तर चालेल का, पुढे संशोधकांना दिलं तर चालेल का, तुम्हाला पुन्हा संपर्क केला तर चालेल का. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही, हे अगदी स्वाभाविक आहे.

गोपनीयतेनं काय साधतं याचं चांगलं उदाहरण कॅनडातलं आहे. २००३ मध्ये टोरांटो परिसरात सार्स या श्वसनरोगाची साथ आली. त्यानंतर ओंटारिओ प्रांतानं न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा आयोग नेमला. त्यानं जाहीर सुनावण्या घेतल्याच, पण ६००हून अधिक लोकांशी गोपनीय मुलाखतींत बोलणं केलं. परिचारिका, आजारी पडलेले कर्मचारी, मृतांचे नातेवाईक त्यात बोलले. आपल्या वरिष्ठांबद्दल भर सभेत बोलायला धजणार नाही असं माणूस बंद खोलीत बोलतो.

पण नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं नाही. ‘बेटावरच्या एकमेव दवाखान्यातली रात्रपाळीची परिचारिका’ एवढं छापलं तरी सगळ्या बेटाला ती कोण ते कळतं. छापण्यापूर्वी विचारा: हिच्या शेजाऱ्यानं हे वाचलं तर ओळखेल का? ओळखणार असेल तर जागा मोघम करा, हुद्दा मोघम करा, आणि तरीही जमत नसेल तर ते वाक्य सोडा. फॉर्ममध्ये लोक दुसऱ्यांची नावंही लिहितात, डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची, नातेवाइकांची. ती मूळ नोंदीत राहतील, छापील मजकुरात जाणार नाहीत. बदनामीचा दावा लागला तर अनुभव सांगणाराच अडचणीत यायचा.

एखाद्यानं गुन्ह्याची माहिती दिली तर ती कुठे द्यायची असते ते त्याला सांगा. त्याच्या परवानगीशिवाय तुम्ही परस्पर पाठवू नका. कायद्यानं कळवणं बंधनकारक असेल तिथे मात्र कळवा, आणि हा अपवादही आधीच सांगितलेला असू द्या.

सातवी पायरी: येणारा ढीग सांभाळा

न्यूझीलंडमध्ये कोविडच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनकडे पहिल्या टप्प्यात सुमारे १३ हजार आणि २०२५ मधल्या दुसऱ्या टप्प्यात ३१ हजारांहून जास्त निवेदनं आली. ब्रिटनमध्ये ५८ हजारांहून अधिक लोकांनी अनुभव सांगितले. असा ढीग येणार हे धरूनच तयारी करा. प्रत्येक नोंदीला आल्या दिवशी क्रमांक द्या. मूळ प्रत हात न लावता ठेवा, काम दुसऱ्या प्रतीवर करा. नाव-पत्ता एका जागी, मजकूर दुसऱ्या जागी, आणि दोन्ही जोडणारी किल्ली फक्त दोघांकडे. पोच द्या, नुसती ‘मिळालं’ एवढी ओळ आली तरी माणसाला बरं वाटतं.

एकाच मजकुराची शेकडो पत्रं येतील. कुठल्या तरी मोहिमेनं नमुना वाटलेला असतो. ती फेकू नका, आणि शेकडो वेगवेगळे अनुभव म्हणून मोजूही नका. मजकूर एकदा नोंदवा, सह्यांची संख्या वेगळी लिहा. पण प्रत्येक पत्राचा शेवट वाचा. छापील मजकुराखाली हातानं लिहिलेल्या दोन ओळी अनेकदा त्या पाकिटातला खरा ऐवज असतात.

आठवी पायरी: वाचा, वर्गवारी करा

समजा अशी एक नोंद आली (उदाहरण म्हणून रचलेली आहे):

‘वडिलांना रात्री दाखल केलं. वॉर्डाचा फोन लागत नव्हता. तीन दिवस काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला आणि त्या बाईंनी भलत्याच माणसाची तब्येत सांगितली. मी म्हटलं, वडिलांना मधुमेह नाही. मग त्या म्हणाल्या, थांबा बघते. परत फोन आलाच नाही.’

नवखा माणूस यावर ‘हलगर्जीपणा’ अशी चिठ्ठी लावतो. सांगणाऱ्यानं हा शब्द वापरलेला नाही. तो निष्कर्ष आहे आणि काढायचा असेल तर आयोगानं काढायचा. यात नोंदवण्यासारखं काय आहे ते ओळीओळीनं पाहा. दाखल करताना संपर्काची काय पद्धत सांगितली, याचा उल्लेख नाही. वॉर्डाशी संपर्क होत नव्हता. तीन दिवस माहिती नाही. फोन करणारी व्यक्ती होती, म्हणजे कोणाला तरी हे काम नेमून दिलेलं होतं. रुग्णाच्या ओळखीची नोंद चुकली असण्याची शक्यता आहे. चूक कुटुंबानं लक्षात आणून दिली. दुरुस्तीचा फोन आला नाही. एवढ्याशा नोंदीत सात धागे निघाले. असेच धागे आणखी दोनशे नोंदींत दिसले, तर आयोग त्या रुग्णालयांकडे नेमका कागद मागू शकतो: नातेवाइकांना फोन करण्याचं काम कोणाकडे होतं, आणि त्यांच्या हाती रुग्णांची कुठली यादी होती?

वर्गवारीची सूची आधी पन्नासेक नोंदी वाचून बनवा, मग दोघांनी एकमेकांशी न बोलता त्याच नोंदी पुन्हा लावा आणि फरक समोरासमोर बसून तपासा. वाद होतील, ते होऊ द्या. सूची सुधारते ती वादातूनच. प्रत्येक वर्गापुढे सांगणाऱ्याचे मूळ शब्द ठेवा. संगणकाची मदत पहिल्या चाळणीला घ्यायला हरकत नाही, पण लोकांचा मजकूर बाहेरच्या सेवेकडे जाऊ देऊ नका, आणि एकही नोंद माणसानं न वाचता राहणार नाही असा नियम करा. लोकांनी ‘कोणीतरी वाचेल’ म्हणून लिहिलेलं असतं.

नववी पायरी: किती बोलायचं ते ठरवा

स्वतःहून आलेल्या ५८ हजार लोकांपैकी ४० टक्क्यांनी अमुक सांगितलं, म्हणजे देशातल्या ४० टक्क्यांना तसं वाटतं, असं होत नाही. टक्केवारी हवी असेल तर यादृच्छिक नमुना काढून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडून, सर्व्हे करावा लागतो. खुल्या निवेदनांतून कळतं ते असं: काय काय घडू शकलं, कसं घडलं, कोणत्या टप्प्यावर माणूस एकटा पडला. अहवालात ‘अनेकांनी सांगितलं’, ‘काहींनी सांगितलं’ असे शब्द वापरणार असाल तर त्यांचा अर्थ सुरुवातीलाच ठरवून लिहा. आणि कोणाकडून पुरेसं ऐकता आलं नाही, हेही स्पष्ट छापा. दुसऱ्या पायरीचा तो भिंतीवरचा कागद आता पुन्हा काढा आणि कुठल्या नावापुढे नोंद नाही ते तपासा. मुदत संपायच्या सहा आठवडे आधी हे केलंत तर अजून त्यांच्याकडे जायला वेळ असतो.

एकच अपवादात्मक अनुभव सुद्धा महत्त्वाचा असू शकतो. कर्णबधिर रुग्णासमोर सगळेच मुखपट्टी लावून उभे होते आणि त्याला ओठ वाचता येईनात, हे सांगणारी नोंद एकच आली तरी त्रुटी खरी आहे.

दहावी पायरी: वेळेत पोचवा, मग परत कळवा

सुनावण्या उरकल्यावर आयोगाच्या टेबलावर पडलेलं संकलन उपयोगाचं नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारणाऱ्या वकिलांच्या हाती ते आधी हवं. ब्रिटनमध्ये विषयवार संकलनं केली गेली. आरोग्यसेवेबद्दलचं पहिलं संकलन सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच विषयाच्या सुनावण्या सुरू होताना प्रसिद्ध झालं. सुनावण्यांचं वेळापत्रक हाती घ्या आणि तिथून उलट मोजत आपल्या तारखा ठरवा.

अहवाल निघाला की सांगणाऱ्यांना कळवा, सोप्या भाषेत, त्यांनी निवडलेल्या वाटेनं: फोनवर बोललेल्याला फोन, कागदावर लिहिलेल्याला पत्र. लोकांच्या सांगण्यावरून कोणती शिफारस आली ते लिहा, आणि कोणती मागणी मान्य झाली नाही व का, तेही लिहा. मूळ नोंदी कुठल्या अभिलेखागारात, किती वर्षं आणि कोणाला पाहता येतील अशा ठेवायच्या, याचा करार कार्यालय चालू असतानाच करा.

ब्रिटनच्या चौकशीनं शिफारशींवर संबंधित खात्यांनी सहा महिन्यांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवली आहे. तुमच्याकडे अशी मुदत नसेल तर ती अहवालातच मागून घ्यायला अध्यक्षांना सुचवा. सरकारचं उत्तर आल्यावर लोकांना आणखी एक पत्र जायला हवं. तोपर्यंत आयोगाचं कार्यालय बंद झालेलं असण्याची शक्यता असते. तेव्हा ते पत्र कोणतं खातं किंवा कोणती संस्था पाठवणार आणि पत्त्यांची यादी कायदेशीररीत्या त्यांच्याकडे कशी जाणार, हे पहिल्या पायरीच्या त्या एका पानावरच लिहून ठेवा.